निशाण शिवायला उतरवलं तेव्हा

तो मचवा आधी आकाशात दिसला.

थंडीचे दिवस होते. वारा पडलेला, समुद्र साय धरलेल्या दुधासारखा. पाणी आणि आभाळ यांच्या मधली रेघ त्या सकाळी पुसूनच गेली होती. त्या पांढरेपणात, पाणी जिथे संपायला हवं त्याच्या बोटभर वर, एक मचवा टांगलेला होता. त्याच्या बुडाला बूड लावून दुसरा मचवा होता, उलटा, शीड खाली सोडलेला. दोघांच्या खाली नुसता उजेड. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. उलटा मचवा लांबला, आखडला, मधेच तुटला आणि पुन्हा जुळला.

"तुलाही दिसतोय ना?" कप्तान केल माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी दुर्बीण काढली, पण डोळ्याला लावली नाही.

मी विचारलं, हे कशानं होतं.

"पाणी उबदार आणि वरची हवा गार असली की होतं. का होतं ते मला ठाऊक नाही. लंडनला आलास की भिंगं घासणाऱ्यांना विचार, ते सांगतील." थोड्या वेळाने म्हणाले, "मी एकदाच पाहिलंय असं."

कुठे, म्हणून विचारलं, तर ते ऐकू न आल्यासारखे मागच्या बाजूला निघून गेले.

मी चौलचा, भानजी प्रभू. तेव्हा विशी ओलांडलेली होती. चौलच्या पाद्र्यांकडून पोर्तुगीज आणि मुंबईच्या गोदीत इंग्रजी शिकलो होतो, म्हणून इंग्रजांच्या राजाच्या त्या जहाजावर दुभाष्या म्हणून माझी नेमणूक झाली. जहाजाच्या पुढच्या टोकावर लांब पायांचा एक पक्षी कोरलेला होता, त्यावरून आमच्या किनाऱ्यावरचे लोक त्या जहाजाला टिटवी म्हणत. टिटवी मुंबईच्या दक्षिणेला, एका खाडीच्या तोंडावर नांगर टाकून होती. दोन्ही बाजूंना खडक, मधे अरुंद खोल पाणी, आणि त्या पाण्यात आम्ही. खाडीत जाणाऱ्या प्रत्येकाला आमच्या कुशीला घासूनच जावं लागे.

आम्ही तिथे होतो ते एका हुकमासाठी. इंग्रजांच्या देशाभोवतीच्या समुद्रात अशी रीत होती की, त्यांच्या राजाचं निशाण दिसलं की परक्या जहाजाने शीड खाली करायचं. शीड उतरवणं म्हणजे मान झुकवणं. न उतरवलं तर आधी गोळ्याविना कोरा बार, मग नाळेसमोरून, म्हणजे जहाजाच्या टोकापुढून, एक गोळा, आणि तिसरा गोळा थेट लाकडात. ही रीत त्या वर्षी आमच्या पाण्यातही चालवून पाहावी असं वरून ठरलं होतं. किनाऱ्याच्या लोकांनी ती हसून मान्य केली. कुणी शीड हातभर खाली ओढत, कुणी मुळीच वारा नसताना मोठ्या नाटकाने उतरवत. खलाशीही हसत. तोवर एकही गोळा वाया गेला नव्हता.

कप्तान ॲम्ब्रोज केल यांना त्यांच्या आरमारात डांबरी कप्तान म्हणत. तिथे दोन जातींचे कप्तान असत. एक सरदारांच्या घरचे, ते सरळ वरच्या मजल्यावर चढत. दुसरे दोरावर डांबर चोळत चोळत वर आलेले. केल कोळसा वाहणाऱ्या होडीवर वाढले होते. त्यांच्या हाताच्या रेषांत अजून काळं होतं. तरीही ते वर चढत गेले होते, आणि हा मोसम सरळ पार पडला तर त्यांना साठ तोफांचं जहाज मिळणार होतं. राजाच्या दरबारातून तसा शब्दच आला होता. डांबरी माणसाला असं जहाज मिळाल्याचं त्यांच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं. त्या जहाजाची उंची, त्याच्या मागच्या खिडक्या, ते भिंतीवर खडूने काढून मला दाखवत. आणि त्यांच्याबरोबर मीही जाणार होतो. भिंगं घासणाऱ्यांच्या गल्लीत ते स्वतः मला नेणार होते. मी रोज त्या गल्लीत एकदा फिरून येत असे, टिटवीच्या कठड्याला टेकून.

त्यांच्या खालचा अधिकारी लेफ्टनंट डेनम. वयाने माझ्याएवढा, एका सरदाराचा भाचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बाहीला पांढरी जाळी असे आणि ती कधी मळत नसे, एवढंच. खलाशांत बोललं जाई की, केल चुकले तर टिटवी डेनमला मिळेल.

सूर्य वर आला तसा तो मचवा आकाशातून खाली उतरला. उलटा मचवा पाण्यात विरला आणि सरळ मचवा पाण्याला टेकला. भरती त्याला आमच्याकडे आणत होती. दोन माणसं वल्ही मारत होती, अगदी हळू, जणू पाणी जागं होऊ नये म्हणून. वारा नव्हता, तरी शीड पूर्ण चढवलेलं होतं, आणि ते डोलकाठीला वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत होतं.

डेनम म्हणाला, "आता उतरवतील."

त्यांनी उतरवलं नाही. कोरा बार झाला. आवाज पाण्यावरून खडकांपर्यंत जाऊन परत आला, धूर तिथेच लोंबकळत राहिला. वल्ही थांबली आणि पुन्हा सुरू झाली. शीड तसंच.

दुसऱ्या तोफेत गोळा भरायला डेनमने माणूस पाठवला. कप्तान म्हणाले, "भरा. पण उडवू नका. भानजी, होडी घे आणि विचारून ये."

होडीतून गेलो. जवळ जाताना पाण्यात खाली जेली मासे दिसत होते, एकावर एक, खोलवर, हातात दिवा धरून कुणी जिना उतरत जावं तसे. मचव्यात चार माणसं होती. तीन बसलेली, एक मधल्या जागेत आडवा, जाळ्याने झाकलेला. जाळ्यातून पाय बाहेर होते. तळवे धुतलेले, स्वच्छ.

वल्ह्यावरच्या दाढीवाल्याने मला पाहिलं. त्याचं नाव काळोजी, हे मला मग समजलं.

"बार कशाला काढता रं सकाळी सकाळी?" तो म्हणाला. "माणूस झोपलाय आमचा."

"कोण आहे?"

"भाऊ माझा. हिराजी नाखवा. खारशेतचा. पहाटं शीड चढवलं त्यानं, दोर बांधला, आणि बसला. आम्हाला वाटलं दम खातोय."

मी हात जोडले. मग मला जे विचारायला पाठवलं होतं ते विचारलं. शीड हातभर खाली घ्या, जहाज ओलांडलं की पुन्हा चढवा.

काळोजीने मान हलवली. रागाने नाही. लहान मुलाला समजावतात तसा तो बोलला. खारशेतची रीत होती. ज्या नाखव्याने आपल्या हाताने शीड चढवलं आणि तो वाटेत गेला, त्याचं शीड समुद्रात उतरवायचं नाही. त्याने बांधलेली गाठ घरच्या माणसाने, बंदरात, हाताने सोडायची. मधेच सोडली तर गलबत घरी जातं, पण माणूस तिथेच राहतो, पाण्यावर, गाठ शोधत.

"आय हाय आमची," काळोजी म्हणाला. "ती सोडील."

डोलकाठीच्या बुडाशी ती गाठ होती. दोन वेढे आणि एक मुरड, रोजच्यासारखी. वरून खारे थेंब वाळून तिच्यावर मिठाची पांढरी बुरशी चढली होती. मी ती बघत राहिलो. काल रात्रीपर्यंत या माणसाने अशा किती गाठी मारल्या असतील आणि कुणी बघितल्या नसतील.

"तुमच्या सायबाला सांग," मागे बसलेला दुसरा म्हणाला, "हवं तर आम्ही चौघंबी मान खाली घालतो."

काळोजीने त्याच्याकडे बघितलं. "चौघं कुठं? तीन हाव आपण."

परत आलो तेव्हा कप्तान कठड्यापाशीच होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हिराजीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते दोराबद्दल. कुठला दोर, कशाचा, गाठ कशी, ती ओली आहे की वाळलेली, ओढली तर हलेल का. मी म्हणालो, हलेल, पण ते हलवणार नाहीत.

"म्हणजे उतरवता येतं, पण उतरवणार नाहीत," डेनम म्हणाला. "हा फरक महत्त्वाचा आहे, कप्तान."

"असेल."

"त्यांना सोडलं तर उद्या प्रत्येक होडीत कुणीतरी मेलेला असेल."

यात खोटं काही नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मचवा आता इतका जवळ आला होता की वल्ह्यांवरून गळणारं पाणी ऐकू येत होतं. भरती थांबत नव्हती. तोफेपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पेटती वात होती आणि तिचा धूर सरळ रेषेत वर जात होता. त्या दिवशी सगळंच सरळ वर जात होतं, आणि सगळंच हळू. केल यांनी टोपी काढली, आत पाहिलं, जणू उत्तर तिथे ठेवलं असावं, आणि पुन्हा घातली.

"जोनास कुठे आहे?" ते म्हणाले.

जोनास हा शिडं शिवणारा म्हातारा. दाभण तोंडात धरून तो वर आला.

"जोनास, मागचं निशाण खाली घे. फाटलंय. शिवायला घे."

जोनासने वर पाहिलं. निशाण काठीला लपेटून लोंबत होतं, नवं कोरं. याच मोसमात चढवलेलं. त्याने दाभण तोंडातून काढलं. "कुठे फाटलंय, कप्तान?"

"शोध. तुझे डोळे चांगले आहेत."

डेनमचा चेहरा पांढरा पडला. तो जवळ आला आणि इतक्या हळू बोलला की ते फक्त आम्हा दोघांना ऐकू आलं. "निशाण उतरवणं म्हणजे शरण जाणं. यासाठी कप्तानांना गोळ्या घातल्या आहेत. तुम्हाला हे माहीत आहे."

"समोर शत्रू असेल तर. इथे कोण आहे?" केल म्हणाले. "निशाण नसलेल्या जहाजासमोर कुणी शीड उतरवायचं, असा हुकूम मी वाचलेला नाही. तुम्ही वाचला आहे का, मिस्टर डेनम?"

"मला हे कळवावं लागेल."

"कळवायलाच हवं. जसं झालं तसं कळवा." मग म्हणाले, "ती वात विझवायला सांगा. हात भाजेल त्याचा."

जोनासने निशाण उतरवलं. मोकळी काठी मी टिटवीवर प्रथमच पाहिली. तो तिथेच खाली बसला, निशाण मांडीवर पसरलं, बोटांनी चाचपत राहिला आणि शेवटी खरोखरच दोरा ओवून धडधाकट कापडाच्या कडेला टाके घालू लागला. कुणी हसलं नाही.

मचवा आमच्या कुशीपासून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून गेला. वर आमचे खलाशी कठड्याला ओळीने उभे. खाली ते तिघं आणि झाकलेला चौथा. काळोजीने वर पाहिलं, आमच्या मोकळ्या काठीकडे. त्याला काय समजलं, मला सांगता येत नाही. त्याने वल्हं एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने भावाचे उघडे पाय जाळ्याखाली सारले, आणि पुन्हा वल्हवू लागला. शीड आमच्या डोक्यांवरून गेलं. त्याची सावली एकेकाच्या चेहऱ्यावरून सरकत गेली. सावली डेनमवर आली तेव्हा मी पाहिलं, त्याने टोपी काढली होती. त्याला ते कळलं असेल असं वाटत नाही. सावली गेल्यावर टोपी हातात पाहून त्याने ती घाईने घातली.

मचवा खाडीच्या वळणाआड गेल्यावर कप्तान म्हणाले, "जोनास, झालं का शिवून?"

"झालं, कप्तान."

"चढव."

डेनमने कळवलं. जसं झालं तसंच, एक शब्द वाढवून नाही. ते मी वाचलं, कारण त्याची नक्कल मलाच करावी लागली. खरं होतं म्हणूनच ते जास्त वाईट होतं. पावसाच्या आधी मुंबईहून हुकूम आला. टिटवी डेनमकडे गेली. साठ तोफांच्या जहाजाचा विषय कुणी काढला नाही, आणि केल यांनी पहिल्या मिळेल त्या मालवाहू जहाजातून मायदेशी परत जावं असं त्यात होतं. हुद्दा नाही, काम नाही. माझंही जाणं तिथेच राहिलं. भिंगं घासणाऱ्यांची ती गल्ली मी कधी पाहिली नाही. आता पाहणारही नाही. पण त्या उलट्या मचव्याचं कोडं पुढे मीच थोडंफार सोडवलं. हिवाळ्याच्या सकाळी तापल्या तव्यावरून पलीकडच्या भिंतीकडे पाहत बसायचो. घरच्यांना वाटे, याला वेड लागलंय.

निघण्याच्या आदल्या दिवशी केल गोदीत एका पालथ्या होडीवर बसले होते. साधा अंगरखा, कमरेला तलवार नाही. मला वाटलं होतं ते खचलेले असतील. ते होडीच्या फटीत बोट घालून डांबर कसं भरलंय ते तपासत होते. म्हणाले, काम चांगलं आहे. मग म्हणाले, "ती गाठ कुणी सोडली रे?"

मला ठाऊक होतं. मी खारशेतला जाऊन आलो होतो, मुद्दाम, होळीच्या सुमाराला. न जाऊन राहवलं नाही. काळोजीने मला घरी नेलं, भाकरी आणि सुकट वाढली, आणि सगळं सांगितलं. मी ते केल यांना सांगितलं.

आईनेच सोडली. पण लगेच नाही. तिची बोटं वाकलेली, आणि मिठाने गाठ लाकडासारखी झाली होती. लोकांनी हिराजीला किनाऱ्यावर घेतलं, तरी शीड वरच. म्हातारी मचव्यात बसून नखांनी गाठ उकलत होती. कुणीतरी कोयता आणला, तिने तो पाण्यात फेकला. कुणी हात लावायला गेलं, तर तिने तोंडावर चापट मारली. मग तिची सून घरी गेली आणि चुलीवरचं गरम पाणी घेऊन आली. म्हातारीने ते थोडं थोडं गाठीवर ओतलं. ओतायची आणि थांबायची. मीठ विरघळलं, दोर मऊ झाला आणि गाठ आपोआप सुटल्यासारखी सुटली. शीड सरसरत खाली आलं आणि म्हातारी त्याच्याखाली झाकली गेली. तिला बाहेर काढायला कुणी धावलं नाही. ती आपली आपण बाहेर येईपर्यंत सगळे उभे होते.

केल ऐकत होते. त्यांचं बोट फटीतच राहिलं.

"गरम पाणी," ते म्हणाले.

"हो."

गोदीच्या भिंतीवर लाटा लागत होत्या. ते माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मी तुला म्हणालो होतो, तसा मचवा एकदाच पाहिलाय. आमच्या देशाजवळच्या खाडीत, जानेवारीत. मला पहिलंच जहाज मिळालं होतं, लहानसं. एक मासेमारी होडी आली, परक्यांची. आधी आकाशात, उलटी आणि सरळ, अशीच. मग खाली. शीड चढवलेलं. मी कोरा बार काढला. मग नाळेसमोर गोळा. एक माणूस डोलकाठीवर चढून हातोडीने काहीतरी बडवत होता. मला वाटलं, मला चिडवतोय. तिसरा गोळा मी स्वतः नेम धरून मारला."

मी त्यांच्या शेजारी त्या पालथ्या होडीवर बसलो.

"मग आम्ही होडीवर गेलो. दोर कप्पीत गोठला होता. काचेसारखा. तो बर्फ फोडत होता. शीड उतरवण्यासाठीच." त्यांनी फटीतून बोट काढलं आणि त्याच्या टोकाला लागलेलं डांबर अंगठ्यावर चोळलं. "त्याबद्दल मला सोन्याची साखळी मिळाली. निशाणाचा मान राखला म्हणून. डांबरी माणसाला ती कधी मिळत नाही. पुढची सगळी जहाजं त्या साखळीनेच दिली मला. एकामागून एक. टिटवीसुद्धा."

दूरवर टिटवीवर घंटा झाली. डेनमची घंटा. केल यांनी तिकडे पाहिलं आणि वेळ चुकली नाही याची खात्री करावी तशी मान हलवली.

"त्या दिवसापासून मी विचार करत आलोय की मला दुसरं काय करता आलं असतं. थांबता आलं असतं, हे तर आहेच. पण मला वाटायचं, त्या होडीसाठी करण्यासारखं काही नव्हतंच. बर्फ तो बर्फ."

ते उठले. अंगरखा झटकला. मग जायचं सोडून तिथेच उभे राहिले.

"आमच्या जहाजावर त्या सकाळी पाणी उकळत होतं, भानजी. खलाशांच्या लापशीचं. हंडाभर. मी जिथे उभा होतो तिथून मला त्याची वाफ दिसत होती."